सांदवाडीत बांधलेलं

१

हरिदास उंदीरवाडे आलापल्लीला वनखात्याच्या कचेरीत अनुरेखक होता. वरून आलेले जंगलाचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवायचे, हे त्याचं काम. नाल्याचं वळण केसभर चुकलं तरी त्याला घरी गेल्यावर जेवण गोड लागत नसे. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, खालमानेने चालणारा माणूस. मुलगा नागपूरला वसतिगृहात, घरात तो आणि बायको सत्यशीला अशी दोघंच. कचेरीत त्याला 'फोटोवाले बाबू' म्हणत, आणि म्हणताना एकमेकांकडे बघत. कारण हा बाबू माणसांचे फोटो काढत नसे, वाघ-बिबट्यांचेही नाही. सागाच्या जंगलाच्या ऐन पोटात राहून हा आपल्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे भाजी लावायच्या परसात, उकिडवा बसे आणि किड्यांचे फोटो काढी.

त्यातही त्याचा हट्ट असा, की खाणारा आणि खाल्ला जाणारा एका चौकटीत हवा. माशीला गुंडाळणारा कोळी, अळी उचलून नेणारी कुंभारीण माशी. सगळ्यांत लाडका म्हणजे वांग्याच्या झाडावर पुढचे पाय जोडून बसणारा तो हिरवा, लांब मानेचा कीटक. त्याला हरिदासने स्वतःच 'हातजोड्या' असं नाव दिलं होतं. हातजोड्या तासन्‌तास पान होऊन बसे. टोळ जवळ आला की काय झालं हे डोळ्यांना कळायच्या आत सगळं आटोपलेलं असे. कुणाकडून तरी घेतलेला जुना रशियन कॅमेरा, किडा मोठा दिसावा म्हणून त्याला पुढे लावायच्या दोन-तीन कड्या, काळ्या-पांढऱ्या फिल्मचे रोल आणि फोटो धुवायला न्हाणीघरात लावलेला लाल दिवा एवढ्या भांडवलावर तो त्या एका क्षणाच्या मागे लागला होता.

अडचण उन्हाची होती. सांदवाडीच्या पूर्वेला बांबूचा कूड आणि कुडापलीकडे सागाचं रोपवन. ऊन कुडावरून आत येई ते सकाळी, आणि त्या उन्हात थोडा वेळ वांग्याची पानं अशी उजळत की त्यांच्या शिरा मोजाव्यात. मग कचेरी. त्या थोड्या वेळात टोळाने हातजोड्यासमोर यावं कशाला?

शहाऐंशीच्या त्या हिवाळ्यात हरिदासने टोळ बांधायला सुरुवात केली.

आरमोरीच्या बाजारातून त्याने कोशाचा धागा आणला होता. हा रानातल्या कोशांचा धागा, एकेरी काढला की केसासारखा, पण तुटायला चिवट, आणि फोटोत दिसत नाही. टोळाच्या मागच्या पायाला दोन वेढे, नकाशाची गुंडाळी बांधताना मारतात तशी सपाट गाठ, दुसरं टोक देठाला. मग कॅमेरा डोळ्याला लावून बसायचं.

हे त्याने सत्यशीलेला सांगितलं नाही. पावसाळा सरता सरता तिला टायफाइडने धरलं होतं. ताप गेला तरी अंगात त्राण राहिलं नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती आत बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून वंदना घेई, पंचशील म्हणे, आणि मग मागच्या दाराशी टाकलेल्या खाटेवर उन्हाला येई. पंचशीलातलं पहिलंच शील जीवाला न मारण्याचं. ते आत चालू असताना हा बाहेर टोळाला गाठ मारत असे. ती बाहेर येईपर्यंत बहुधा सगळं उरकलेलं असे. न उरकलं तर टोळ तसाच बांधलेला सोडून तो कचेरीला जाई. संध्याकाळी पाहावं तर टोळ नसे. खाल्ला असेल, असं तो धरून चाले.

२

एका सकाळी तो वांग्याशी गेला तेव्हा टोळ आधीच बांधलेला होता.

आपणच काल बांधला असणार, हे त्याच्या मनात पहिलं आलं. काल एक बांधला होताही. पण तो खालच्या देठाला, आणि हा शेंड्याजवळच्या उघड्या पानावर. धागा कोशाचा. गाठ सपाट. टोळ जिवंत, ताजातवाना.

त्याने फोटो घ्यायचं ठरवलं आणि तिथेच अडला. टोळ नीट दिसेना. पान आडवं येई, नाहीतर टोळाची पाठ. डावीकडून, उजवीकडून, गुडघ्यावर, पोटावर, कसंही बसलं तरी चौकट जुळेना. शेवटी तो वांग्याच्या पलीकडे, कुडाला पाठ घासत आत शिरला आणि वळून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. तिथून मात्र टोळ पुरता दिसला. मागे मोकळी जागा, टोळाच्या तोंडावर ऊन, एकही पान आडवं नाही. ज्याने टोळ बांधला होता त्याने तो इथून पाहण्यासाठी बांधला होता.

हरिदासने फोटो काढला. काढताना आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलो आहोत असं त्याला वाटलं. थिएटरात चुकून दुसऱ्याच्या खुर्चीवर बसावं तसं. तो लवकर उठला.

हातजोड्या त्या दिवशी वांग्यावर नव्हता.

३

तो नंतरही आला नाही. कोळ्यांची जाळी फाटकी लोंबत राहिली, कुणी सांधली नाहीत. भिंतीवरचं कुंभारीण माशीचं मडकं अर्धवटच राहिलं. खाणारे सगळे जणू घरं सोडून गेले होते. थंडी पडली की किडे कमी होतात, हे हरिदासला माहीत होतं, आणि तसं त्याने स्वतःला सांगितलंही. पण खाल्ले जाणारे होते तिथेच होते. वालावर मावा होता, झेंडूवर अळ्या होत्या.

आणि बांधलेलं काही ना काही सापडत होतं. टोळानंतर एक चतुर. मग झेंडूच्या ताटव्यात स्वतः हातजोड्याच, मागच्या दोन्ही पायांना धागा, आणि भ्याल्यासारखा अंग चोरून बसलेला. पुढे एक सरडा, कमरेला वेढा. त्यानंतर एक बुलबुल. बुलबुल फडफडत नव्हता. पाय धाग्यात, पंख मिटलेले, आणि नजर कुडाकडे.

दर वेळी गाठ तीच, आणि दर वेळी नीट दिसायची जागा कुडाकडूनच. खाल्लेलं मात्र एकही नव्हतं. संध्याकाळी धागा रिकामा असे, पण पंख नाही, पाय नाही, पिसाचा तुकडा नाही.

हरिदास विचार करणारा माणूस होता. गाठ जनावर मारत नाही. गाठ मारतो माणूस. या घरात माणसं दोन. आणि त्यातलं एक दर सकाळी पहिलं शील म्हणून बाहेर येतं. सत्यशीलेला सगळं कळलं असणार. ती बोलून दाखवणारी नव्हे, करून दाखवणारी. तू बांधतोस ना, मग बघ बांधलेलं कसं दिसतं, असं तर ती सांगत नसेल? चिवट बाई होती ती. पण पायऱ्या चढताना जिला भिंत धरावी लागते, ती बुलबुल धरते कशी? तो प्रश्न त्याने बाजूला ठेवला.

दोन-तीन दिवस तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. धाग्याचे वळ होते. तर्जनीवर, अंगठ्यावर, बारीक, लाल.

४

जेवताना त्याने विषय काढला. सरळ नाही, आडून. कोशाच्या धाग्याचं रीळ कुठे दिसलं का, असं विचारलं.

सत्यशीलेने भाकरीचा घास खाली ठेवला. तिला महिन्याभरापासून ठाऊक होतं म्हणाली. तो कचेरीला गेला की ती रोज सांदवाडीत फिरते, बांधलेलं शोधते आणि सोडून देते. टोळ सोडले, चतुर सोडला, सरडा सोडताना किळस आली तरी सोडला. धागा तुटत नाही, गाठ नखाने उकलावी लागते, म्हणून बोटं कापली. आपण बोललो नाही, कारण नवऱ्याला आज ना उद्या लाज वाटेल असं वाटलं होतं.

"किडे बांधले तं मी म्हटलं जाऊ द्या, पोरगा घरी नाई, माणसाले काई तरी नाद पाह्यजे," ती म्हणाली. "पण पाखरू काऊन बांधलं तुमी? त्यानं काय केलं तुमचं?"

हरिदासने सांगितलं की टोळ आपण बांधले, बाकी काही आपण बांधलं नाही. सांगताना त्यालाच ते पोकळ वाटलं. धागा त्याचा, गाठ त्याची, छंद त्याचा.

"मंग मी बांधून राह्यली का?" ती म्हणाली. "अजी, झूट तरी नीट बोला ना."

ती हसली नाही. थोड्या वेळाने, भांडी उचलताना, आठवल्यासारखं म्हणाली की परवा तो मुद्दाम परत कशाला आला होता? ती खाली वाकून बुलबुल सोडवत होती तेव्हा मागे येऊन उभा राहिला होता तो. सागाची वाळकी पानं वाजली ती तिने ऐकली. रागात होती म्हणून तिने वळून पाहिलं नाही. बराच वेळ उभा होता, म्हणाली. श्वास ऐकू येत होता.

परवा हरिदास दिवसभर कचेरीत टेबलाशी होता. पेरमिलीकडचा नकाशा होता, मान वर करायला फुरसत नव्हती. हे तो तिला सांगणार होता. पण आत्ताच एक खोटं पकडल्यासारखं ती बघत होती, आणि दुसरं तिला सांगावं असं त्याला वाटलं नाही.

५

मग संशय देवरावांवर गेला. देवराव आत्राम शेजारचे, वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. कुडापलीकडून त्यांची जा-ये असे. माणूस थट्टेखोर. फोटोवाल्या बाबूची गंमत करावी म्हणून हे केलं असेल, तर त्यांनीच.

देवराव अंगणात बसून तंबाखू मळत होते. हरिदासने सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, मधे एकदा हसलेही. आपली बोटं पुढे करून म्हणाले, ह्या लाकडाच्या बोटांनी केसाएवढ्या धाग्याची गाठ बसते का, बघा बाबू. बोटं खरंच वाकडी होती, सांधे सुजलेले.

मग ते जुन्या दिवसांत शिरले. शिकारीला बंदी नव्हती तेव्हा शिकार कंपन्यांच्या पाहुण्यांसाठी ते वाघाला गारा बांधत. गारा म्हणजे आमिषाचं जनावर, बहुतेक वेळा म्हशीचं रेडकू. चार दिवस गारा मिळाला की वाघ शिकार सोडून देतो, वाट बघत बसतो, असं त्यांनी सांगितलं. माणसासारखीच सवय लागते त्याला.

"तुमच्या वाडीतलं कोणी खाल्लं का पण?" त्यांनी विचारलं.

एकही नाही, हरिदास म्हणाला. सत्यशीला सगळं सोडून देते. आणि ती सोडते तोवर कुणी शिवतही नाही.

देवरावांचा अंगठा तळहातावर थांबला.

"खाचं नाई, मंग बांधते काऊनले?" ते म्हणाले, हरिदासला नव्हे, स्वतःलाच. मग जरा वेळाने, "मचाणावर बसला त्याले गाऱ्याशी काई घेणं-देणं नसते, बाबू. गाऱ्यापाशी कोण येते, ते पाह्यते तो."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही, झटकून दिली. उठताना त्यांनी बाईंची तब्येत विचारली. रोज त्याच वेळी बाहेर बसतात का, हेही विचारलं. हरिदासला त्या विचारण्याचाच संशय आला. देवरावांना सत्यशीलेच्या बसण्या-उठण्याशी काय करायचं आहे? घरी येईपर्यंत तो तेवढंच घोळवत राहिला, आणि बाकीचं बोलणं त्याच्या डोक्यातून निघून गेलं.

६

पुढच्या आठवड्यात हरिदासच्या घरची मांजर, भुरी, कुडालगतच्या वालाच्या मांडवाखाली बांधलेली सापडली.

हरिदास कचेरीत होता. सत्यशीलेला ती कशी सापडली, ते तिने संध्याकाळी सांगितलं. चारही पाय एकत्र, धागा कातड्यात रुतलेला, वेढ्यावर वेढे. मांजर ओरडत नव्हती. तिने विळी आणली, पण धागा इतका आत गेलेला की विळी चालवता येईना. कुडाशी अर्धवट वाकून, मग बसून, मग पोटावर पडून तिने एकेक गाठ उकलली. ऊन डोक्यावर आलं. मधे मधे मागे पानं वाजत होती, अगदी जवळ. सुटल्यावर भुरीने तिचा हात कोपरापर्यंत ओरबाडला आणि ती कुडाकडे न जाता घरातून, पुढच्या दाराने पळून गेली. परत आली नाही.

"मी तुमाले हाक मारली," सत्यशीला म्हणाली. "दोन डाव. म्हटलं उभे हाय तं धरा जरा मांजरीले. तुमी बोलले नाई."

हरिदासने काकुळतीने सांगितलं, तो तिथे नव्हता. कचेरीतल्या कुणालाही विचार. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. ऊर्जानगरला भावाकडे, श्रीहरीकडे जाते म्हणाली. सकाळच्या चांद्याच्या बसने. आणि परत यायचं की नाही, ते तिकडे जाऊन ठरवीन.

इतक्या वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. माणूस चुकला तर चूक कबूल करता येते. न केलेलं कसं कबूल करावं, आणि न केल्याचा पुरावा आणावा कुठून? त्याने एकच मागितलं. एक सकाळ दे. उद्या मी सुट्टी टाकतो. दिवसभर तुझ्या डोळ्यांसमोर बसतो. तरी काही बांधलेलं सापडलं, तर मी नव्हतो हे तुला दिसेल.

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "समोर बसा. हात मले दिसले पाह्यजे. बस जायच्या पह्यले काई झालं नाई, तं मी समजीन तुमी होते."

७

सकाळी त्यांनी दोघांनी मिळून सांदवाडी पाहिली. वांगी, झेंडू, वालाचा मांडव, कुडाचा तळ. कुठे काही बांधलेलं नव्हतं. धाग्याचं रीळ सत्यशीलेने आपल्या पदराच्या गाठीत बांधून घेतलं. ती मागच्या दारातल्या खाटेवर बसली, पिशवी शेजारी. हरिदासने पिढं उचलून समोर नेलं. मधे सारवलेली मोकळी जागा हवी आणि हात उन्हात दिसायला हवेत, असं तिचं म्हणणं. म्हणून तो सरकत सरकत कुडाशी जाऊन बसला, कुडाकडे पाठ, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे. कॅमेरा त्याने घरातच ठेवला होता.

ऊन कुडावरून आत आलं. त्याच्या मागून आलेल्या उन्हाने बांबूंच्या सावल्या सारवलेल्या जमिनीवर आडव्या टाकल्या, पट्ट्यापट्ट्यांनी, थेट खाटेच्या पायापर्यंत. मधे त्याची स्वतःची सावली, बसलेली.

रस्त्याने शाळेची पोरं गेली. देवरावांच्या अंगणात कुणीतरी बादली आपटली. सत्यशीलेची नजर त्याच्या हातांवरून हलत नव्हती, आणि हळूहळू ती नजर मऊ होत गेली असं हरिदासला वाटलं. थंडी वाजते का, तिने विचारलं. तो नाही म्हणाला. नागपूरला पोराला लिहिलं का, तिने विचारलं. तो म्हणाला, लिहितो. आणखी थोडा वेळ असाच गेला तर ती पिशवी आत नेऊन ठेवील, असंही त्याला वाटून गेलं.

मग तिची नजर त्याच्या हातांवरून खाली गेली.

"पायाले काय हाये तुमच्या?"

त्याने मान खाली घातली. उजव्या घोट्यावर उन्हात काहीतरी चमकत होतं, सोनेरी, केसाएवढं. दोन वेढे. सपाट गाठ. धागा पिढ्याखालून मागे कुडाकडे गेला होता, ताणलेला. त्याला काहीही जाणवलं नव्हतं. हात त्याने गुडघ्यांवरून हलवले नव्हते, आणि ते तिने पाहिलं होतं.

सत्यशीलेने तोंडावर हात घेतला. तापातून उठल्यापासून तिचा चेहरा इतका उघडा त्याने पाहिला नव्हता.

"तुमी नाई बांधलं मंग," ती म्हणाली. "अजी, मी किती बोलली तुमाले."

ती उठली. एका हाताने खाटेची चौकट धरून, दुसऱ्याने पदर सावरत, जशी गेले कित्येक दिवस ती बांधलेल्या प्रत्येक जिवाकडे गेली होती, तशी ती त्याच्याकडे यायला निघाली. हलू नका, सोडते, असं काहीसं म्हणत.

हरिदासची नजर तिच्या पायांवर होती, म्हणून त्याला जमीन दिसली. बांबूंच्या सावल्या सरळ होत्या, एकमेकींना धरून. त्यांच्यात दोन पट्ट्या जास्त होत्या. त्या कुडाहून उंच होत्या, त्याच्या सावलीच्या डोक्यावरून पुढे गेलेल्या, आणि मधे एकेका ठिकाणी वाकलेल्या. सत्यशीलेने पाऊल टाकलं तशा त्या एकमेकींपासून किंचित दूर झाल्या. ती पिशवी सरकवायला थांबली तशा त्याही थांबल्या. पुन्हा पाऊल, पुन्हा दूर. तिला यायला जागा करून द्यावी तशा.

मागे पान वाजलं नाही. श्वास मात्र आला, मानेवर, लांब.

देवरावांचं बोलणं आत्ता परत आलं. खाचं नाई, मंग बांधते काऊनले. बांधलेल्या एकाही जिवाला कुणी शिवलं नव्हतं. बांधलेल्याकडे रोज, त्याच वेळी, न चुकता एकच बाई येत होती. टोळाला थोडा वेळ वाकत होती, मांजरीला बराच वेळ. माणसाला सोडवायला किती वेळ लागला असता?

मागे वळू नये आणि अंग हलवू नये, एवढं त्याला कळलं. आयुष्यभर वांग्यापाशी बसून तेवढं तरी तो शिकला होता. राहिली जीभ. नुसतं पळ म्हटलं असतं तर ती सोडवायलाच धावली असती.

"येऊ नको," तो म्हणाला. "मीच बांधला."

ती थांबली. नुसतं गोंधळून.

"सकाळीच बांधून आलो होतो. पायजम्याखाली. सगळं मीच बांधत होतो, टोळ, पाखरू, भुरी. तुले सोडाले लावत होतो." आवाज त्याला स्वतःचा वाटेना, पण थांबून चालणार नव्हतं. अर्धवट खोटं तिने ओळखलं असतं. "मांगं येऊन मीच उभा राहत होतो. तू हाक मारली, ऐकली मी. कशी सोडते तू, ते पाहाचं होतं मले. तो फोटो पाह्यजे होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. घोट्याकडे, हातांकडे, पुन्हा तोंडाकडे. तो खोटं बोलतो आहे हे तिने ओळखावं, असं क्षणभर त्याच्या मनाने मागितलं, आणि त्याच क्षणी ते मागणं त्याने गिळलं. तिच्या चेहऱ्यावर आत्ता कुठे उघडलेलं जे होतं ते मिटत गेलं. त्याला ते होताना पूर्ण दिसलं.

"थू," ती म्हणाली. हळूच.

पदराची गाठ सोडून तिने धाग्याचं रीळ त्याच्याकडे भिरकावलं. ते मधल्या जमिनीवर पडलं, त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, आणि घरंगळत राहिलं. मग तिने पिशवी उचलली आणि ती घरात गेली. पाठ फिरवून, भिंत धरून. हरिदास मोजू नये असं ठरवूनही तिची पावलं ऐकत होता. माजघर. पुढची खोली. कडी. रस्त्यावरच्या मुरमावर चपला. मग चपलाही ऐकू येईनाशा झाल्या.

पट्ट्या तशाच उभ्या होत्या, उघड्या. खाटेच्या दिशेने थोड्या पुढे झुकलेल्या, जणू ती परत येईल.

ऊन त्याच्या हातांवर चढलं. हात त्याने गुडघ्यांवरच ठेवले होते, पालथे, दिसतील असे. खाट रिकामी होती. डोळ्यांत पाणी आलं तरी त्याने पापणी लववली नाही. स्टँड फार लांब नव्हता, पण ती हळू चालणारी. वाटेत ती कुणाशी बोलायला थांबली असेल का? राग ओसरून मागे वळली असेल का? काहीतरी विसरलं म्हणून?

मग स्टँडकडून बसचा भोंगा आला. एकदा, लांबलचक. इंजिन घरघरलं, गिअर पडला, आणि आवाज चांद्याच्या रस्त्याने दूर जात जात सागात मिटून गेला.

तो पूर्ण मिटेपर्यंत हरिदास थांबला. आणि मगच त्याने पाय ओढून पाहिला.